तबकडीवरील चित्र नीट कसें लावावें

सातारा-सांगलीकडे ज्याच्या कपाटांत लग्नाची एखादी तबकडी जपून ठेवलेली नाहीं असें घर आतां क्वचितच आढळेल. २००० सालानंतरच्या दहा-बारा वर्षांत फोटोंच्या आल्बमाबरोबर लग्नाची ‘सीडी’ देण्याची चाल आपल्याकडील फोटोग्राफरांनीं पाडली. बहुतेक घरांतून ती दोन-तीन वेळां पाहिली गेली व मग कपाटांत जाऊन बसली. ती लावण्याचा डीव्हीडी प्लेयर पुष्कळांनीं माळ्यावर टाकला. मुलांनो, त्या यंत्रावर चित्र नीट कसें लावावें हें या लेखांत सांगावयाचें आहे. विषय तुम्हांस क्षुल्लक वाटेल. मलाहि २०१९ च्या नाताळापर्यंत तो तसाच वाटत होता.

त्या वर्षींच्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णेला महापूर आला. माझी थोरली बहीण सांगलीस गांवभागांत राहते. तिच्या घरांत छातीइतकें पाणी शिरलें व तें ओसरण्यास कित्येक दिवस लागले. धान्य गेलें, गाद्या गेल्या, टीव्ही गेला. त्याचें तिनें फारसें मनावर घेतलें नाहीं. परंतु लग्नाचा आल्बम चिखलांतून वर काढला तेव्हां फोटो एकमेकांस चिकटलेले, रंग वाहून गेलेले, आणि आमच्या आईच्या चेहऱ्याच्या जागीं नुसता तपकिरी डाग, हें पाहून मात्र ती खालींच बसली. आई २००६ मध्यें गेली. ताईची मुलगी त्यानंतर दोन वर्षांनीं जन्मली. तिनें आजी पाहिलेलीच नाहीं. आईला फोटो काढून घेण्याची आवड नव्हती, त्यामुळें जे चार-दोन होते ते त्या आल्बमांतच होते.

सुदैवानें त्या लग्नाच्या तबकडीची एक प्रत साताऱ्यास माझ्याजवळ होती. नाताळच्या सुटींत ती तबकडी आणि माझा जुना प्लेयर पिशवींत घालून मी एस.टी.नें कराडवरून सांगलीस गेलों. ताईकडे नवा, रुंद पडद्याचा टीव्ही आला होता. पिवळी, तांबडी व पांढरी अशा तीन वायरी जोडून तबकडी लावली, आणि जें चित्र उमटलें तें पाहून मन खट्टू झालें. सगळीं माणसें बुटकीं व रुंद दिसत होतीं. ताईची पांढरी साडी म्हणजे चुन्याचा एक सपाट पट्टा झाली होती. तिला चूण नाहीं, कांठ नाहीं. संध्याकाळच्या पाठवणीचें दृश्य तर अंधारांत बुडालें होतें. भाची जवळ सरकून म्हणाली, “मामा, ह्यांत आजी कुठें आहे?” ताईनें दारापाशीं उभ्या असलेल्या एका काळ्या आकृतीवर बोट ठेवलें. आकृतीचा हात पदरासह तोंडाशीं गेलेला होता. “फार रडली त्या दिवशीं. वर बघवेना तिला,” ताई म्हणाली.

आतां माझी चूक सांगतों. मी शास्त्राचा पदवीधर असूनहि घाबऱ्या माणसासारखीं रिमोटवरचीं बटणें दाबूं लागलों. टीव्हींत ‘व्हिव्हिड’ नांवाची एक तयार योजना असते, ती लावली. साडी अधिकच झगझगली आणि आईची आकृति होती तीहि नाहींशी झाली. दुकानाच्या लखलखाटांत दहा संचांमध्यें आपला संच उठून दिसावा यासाठीं ही योजना सोयीची. घरांत ती कामाची नव्हे. शेवटीं टीव्ही बंद केला, चहा घेतला आणि वर्गांत प्रयोग करावयाचा तसें पहिल्यापासून क्रमानें काम केलें. तोच क्रम येथें देत आहें.

प्रथम खोलीचा उजेड. दुपारचे तीन वाजले होते व पश्चिमेच्या खिडकींतून ऊन सरळ पडद्यावर येत होतें. पडद्याचा काळा रंग म्हणजे कांहीं काळा उजेड नव्हे. जेथें पडदा उजेड देत नाहीं तो भाग आपल्याला काळा दिसतो. त्यावर बाहेरचा उजेड पडला कीं काळ्याचा राखाडी होतो, आणि अंधारांतील बारकावे त्यांत बुडून जातात. मग रिमोट कितीहि दाबा. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनीं १८९२ च्या सुमारास काचेवर रंगविलेल्या चित्रांतून दिव्याचा उजेड पाठवून ‘शांबरिक खरोलिका’ नांवाचा खेळ दाखविण्यास आरंभ केला. त्यांनाहि चित्र उठावदार दिसण्यासाठीं आधीं काळोखच हवा होता. आम्हीं खिडकीवर चादर लाविली व पाठीमागें एक मंद दिवा राहूं दिला, कारण अगदीं काळोखांत डोळे लवकर शिणतात. ज्या उजेडांत चित्र पाहावयाचें त्याच उजेडांत तें लावावें, एवढें लक्षांत ठेवा.

दुसरी गोष्ट आकाराची. येथें आमच्या शाळेंत घडलेली एक फजिती सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. नववीच्या वर्गास ‘संत तुकाराम’ हा चित्रपट दाखवावा असें एके वर्षीं ठरलें. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनीं प्रभात कंपनीसाठीं तो १९३६ मध्यें तयार केला. पुढील वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. एवढी प्रस्तावना मीं मोठ्या अभिमानानें केली आणि तबकडी लाविली. पागनिसांचे तुकोबा पडद्यावर आले ते चांगले गरगरीत! मुलें हंसूं लागलीं. कोणी तरी मागून म्हणालें, “सर, दुष्काळांत एवढे?” मला राग आला, परंतु मुलाचें म्हणणें बरोबर होतें, चूक माझीच होती.

ती कशी तें पाहा. जुने चित्रपट, तशींच त्या काळचीं लग्नाचीं चित्रणें, रुंदी चार तर उंची तीन अशा प्रमाणांत असतात. आतांचे पडदे सोळास नऊ या प्रमाणांत. सोळा भागिले नऊ यास चार भागिले तीन यानें भागा. उत्तर चार-तृतीयांश येतें. म्हणजे जुनें चित्र ताणून नव्या पडद्यावर बसविलें कीं प्रत्येक माणूस एक-तृतीयांशानें रुंद होतो. तुकोबांचा देह असा वाढला होता! उपाय सोपा आहे. रुंद टीव्ही असल्यास प्लेयरच्या ‘सेटअप’मध्यें टीव्हीचा प्रकार १६:९ ठेवावा, आणि जुनें चित्रण लावतांना टीव्हीच्या रिमोटवरून चित्राचें प्रमाण ४:३ करावें. दोन्ही बाजूंस काळे पट्टे येतील. ते येऊं द्यावे. ज्यांच्या घरीं अजून जुना, चौकोनी पडद्याचा टीव्ही आहे त्यांनीं प्लेयरमध्यें ‘४:३ लेटरबॉक्स’ निवडावें. ‘पॅन-स्कॅन’ निवडल्यास पडदा भरतो खरा, पण रुंद चित्रपटाच्या दोन्ही कडा कापल्या जातात व बोलणारा माणूस कधीं कधीं चित्राबाहेरच राहतो. पुष्कळ यंत्रांत तबकडी चालू असतां हे बदल होत नाहींत. ती थांबवून मग ‘सेटअप’ उघडावें लागतें. यंत्र बिघडलें असें समजून तें दुरुस्तीस नेणारे लोक मीं पाहिले आहेत.

सांगलीस हा बदल करतांच पडद्यावरील वऱ्हाड सडपातळ झालें. ताईला पहिल्यांदा हंसूं आलें.

यानंतर टीव्ही व प्लेयर या दोहोंतील सर्व आंकडे मधल्या, म्हणजे मूळ जागीं आणावे आणि टीव्हींत ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ योजना लावावी. दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं फिरवाफिरव करूं नये. एकानें वाढवावें व दुसऱ्यानें कमी करावें असा गोंधळ होतो. सांगलीपासून हांकेच्या अंतरावर मिरज आहे. तेथील तंबोरे ज्यांनीं पाहिले असतील त्यांना हें चटकन् समजेल. खुंटी पिळून तार ढोबळ मानानें सुरांत आणतात, आणि मग खालचा मणी किंचित् सरकवून ती बारीक लावतात. टीव्ही ही खुंटी, प्लेयर हा मणी. टीव्ही रोजच्या वापरासाठीं एकदां नीट लावून ठेवावा. एखाद्या तबकडीची उणीव भरून काढावयाची ती प्लेयरमधून.

आतां मुख्य भाग. रिमोटवर ‘ब्राइटनेस’ व ‘काँट्रास्ट’ हीं दोन नांवें असतात, आणि त्यांनीं जितकी फसवणूक होते तितकी दुसऱ्या कशानें होत नसेल. ब्राइटनेस म्हणजे उजेड, तो वाढविला कीं चित्र उजळेल, असें कोणासहि वाटेल. वस्तुतः ब्राइटनेसनें चित्राचा काळा भाग वरखालीं होतो आणि काँट्रास्टनें पांढरा. तबकडीवर प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा आंकड्यांत लिहिलेला असतो. ० पासून २५५ पर्यंतचे आंकडे उपलब्ध असले तरी पूर्ण काळा १६ वर व पूर्ण पांढरा २३५ वर धरण्याचा संकेत आहे. ब्राइटनेस फार कमी असेल तर १६ च्या वरचे वीस, पंचवीस, तीस हे सगळे आंकडे सारखेच काळे दिसतात. काँट्रास्ट फार असेल तर २३५ च्या खालचे सगळे सारखेच पांढरे. पहिल्या दोषांत आमची आई बुडाली होती आणि दुसऱ्यांत ताईची साडी. (नवीन एचडीएमआय वायर वापरणारांनीं आणखी एक पाहावें. प्लेयर ‘फुल’ व टीव्ही ‘लिमिटेड’ अशी जोडी पडली तर हेच दोन दोष आपोआप उत्पन्न होतात. दोन्हीकडे एकच ठेवावें.)

आमच्या ख्रिस्ती लग्नांत नवरी पांढऱ्या साडींत व नवरदेव काळ्या कोटांत असतो, हें या कामीं फारच उपयोगी पडलें. तपासणीचा तक्ताच जणूं पडद्यावर उभा होता. तबकडीच्या आरंभीं काळ्या पार्श्वभूमीवर वधूवरांचीं नांवें होतीं. तेथें चित्र थांबवून काळी पार्श्वभूमि राखेसारखी दिसूं लागेपर्यंत ब्राइटनेस वाढविला, आणि मग ती पुन्हां जेमतेम काळी होईपर्यंत हळूहळू कमी केला. लगेच भावजींच्या कोटावर गेलों. कोटाची कॉलर व बटणें वेगळीं दिसूं लागलीं होतीं. नंतर ताईचें चित्र थांबविलें व साडीची एकेक चूण मोजतां येईपर्यंत काँट्रास्ट खालीं आणला. “अगबाई, कांठ होता तिला!” ताई म्हणाली. पंधरा वर्षांत ती आपल्या साडीचा कांठ विसरली होती. काँट्रास्ट उतरविल्यावर चित्र प्रथम मिळमिळीत वाटतें; पांच मिनिटें थांबावें, डोळा रुळतो. ब्राइटनेस व काँट्रास्ट एकमेकांस थोडे ओढतात, म्हणून दोन्ही पुन्हां एकदां तपासावे.

तरीहि पाठवणीचें दृश्य अंधारेंच राहिलें. आकृतीला कडा आल्या, परंतु चेहरा आला नाहीं. ब्राइटनेस आणखी वाढविला तर चेहऱ्याबरोबर रात्रहि राखाडी होऊं लागली. अशा वेळीं ‘गॅमा’ कामास येतो. तो सर्व यंत्रांत नसतो. माझ्यांत होता, व इतकीं वर्षें मीं त्यास हात लाविला नव्हता. कपडे वाळत घालण्याची दोरी दोन्ही टोकांना खिळ्यास बांधलेली असते. ओल्या कपड्यांनीं ती मध्यें झुकली म्हणजे आपण काय करतों? खिळे उपटीत नाहीं. मधोमध बांबूचा टेकू देतों. गॅमा हा तसा टेकू होय. काळें टोक जेथल्या तेथें, पांढरें टोक जेथल्या तेथें, आणि मधल्या छटा मात्र उचलल्या जातात. सावलींतला सांवळा चेहरा या मधल्या छटांतच असतो. मीं एकेक अंक वाढवीत गेलों. तिसऱ्या अंकास दाराची चौकट दिसली, चौथ्यास कपाळ, पांचव्यास गाल. सहाव्यास मागच्या भिंतीवर दाणे नाचूं लागले, म्हणून एक पाऊल मागें आलों. अंधारांत काढलेल्या चित्रणांत असे दाणे दडलेले असतातच. छटा उचलल्या कीं तेहि उचलले जातात.

चेहरा आला तो पिवळट आला. मांडवांतल्या हॅलोजन दिव्यांचा तो गुण. येथें पुष्कळ लोक ‘टिंट’ किंवा ‘ह्यू’ फिरवूं लागतात. आपल्याकडे रंगीत दूरदर्शन १९८२ मध्यें पॅल पद्धतीनें सुरू झालें. त्या पद्धतींत रंगाची खूण एकाआड एक ओळींत उलटी केलेली असते, त्यामुळें वाटेंत रंग सरकला तरी दोन ओळींतील चुका एकमेकींस खाऊन टाकतात. म्हणून टिंटची गरज अमेरिकन पद्धतीच्या तबकड्यांना. पॅल तबकडीला बहुधा नाहीं. आम्हीं टीव्हींतील ‘कलर टेंपरेचर’ एक पायरी थंड केलें आणि ‘कलर’ दोन अंकांनीं उतरविला. रंगाची परीक्षा कपड्यांवर करूं नये, कारण कपडा कोणत्याहि रंगाचा असूं शकतो. दाराला आंब्याचें तोरण होतें. त्याचीं पानें आंब्याच्या पानांसारखीं दिसूं लागलीं तेव्हां हात आवरला. उलट ‘संत तुकाराम’सारखा कृष्णधवल चित्रपट पिवळ्या वायरींतून लाविला असेल तर ‘कलर’ सरळ शून्यावर आणावा. त्या एकाच वायरींतून उजळपणा व रंग मिसळून येतात, आणि बारीक रेघांच्या कापडावर टीव्ही नसते रंग पाहूं लागतो. रंग शून्यावर आणला कीं तें इंद्रधनुष्य नाहींसें होतें.

“आतां अजून स्पष्ट कर ना, मामा,” भाची म्हणाली. तिनें ‘शार्पनेस’ हें नांव वाचलें होतें. मीं तिलाच रिमोट दिला. तिनें तो शेवटपर्यंत नेला, आणि आईच्या खांद्याभोंवतीं खडूनें काढावी तशी एक पांढरी रेघ उमटली. शार्पनेस नवीन बारकावे आणीत नाहीं. असलेल्या कडेला रेघ मारतो. वहींत अक्षर पुसट असेल तर तें गिरवून ठळक करतां येईल, पण न लिहिलेला शब्द गिरवून येणार नाहीं. हिशेबच करा. लग्नाची ही तबकडी व्हीसीडी जातीची. तिच्या चित्रांत आडवे ३५२ व उभे २८८, म्हणजे सुमारें एक लाख ठिपके. डीव्हीडींत ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांवर. आणि पूर्ण एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक. तेव्हां व्हीसीडीवरील एका ठिपक्यानें पडद्यावरील वीस जागा सारवाव्या लागतात. त्यास इलाज जवळ बसण्याचा नाहीं, लांब बसण्याचा आहे. आम्हीं शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणला व खुर्च्या चार हात मागें घेतल्या. चित्र खरोखरच बरें दिसूं लागलें.

जेथें चित्राचे चौकोनी तुकडे पडतात किंवा तें अडखळतें, तेथें यांपैकीं एकाहि बटणाचा उपयोग नाहीं. तो दोष तबकडीचा. ती स्वच्छ पाण्यानें धुवावी आणि मऊ कापडानें मध्याकडून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसूं नये, कारण वर्तुळाकार ओरखडा माहितीच्या एकाच मार्गावर लांबवर पडतो व यंत्रास तो भरून काढतां येत नाहीं. घरीं किंवा दुकानांत भरून दिलेल्या तबकड्यांत रंगाचा एक थर असतो. ऊन व दमट हवा लागून तो कालांतरानें बिघडतो. पालकांस विनंति कीं, आपल्या घरची तबकडी आजच संगणकावर उतरवून घ्यावी आणि एक प्रत दुसऱ्या गांवीं नातेवाइकांकडे ठेवावी. आमची प्रत साताऱ्यास नसती तर वर सांगितलेल्या साऱ्या ज्ञानाचें मीं काय केलें असतें?

सर्व आंकडे ठरल्यावर पाठवणी पुन्हां आरंभापासून लाविली. आई सगळ्या चित्रणांत येथेंच काय ती नीट येते, आणि तीहि अर्धें मिनिट. ती दारांत उभी आहे, मागें उजेड आहे, पदर तोंडाशीं आहे. ताई नेहमींप्रमाणें मान खालीं घालून बसली होती. भाची एकदम म्हणाली, “आई, बघ ना. आजी रडत नाहींये, हंसतेय!” आम्हीं चित्र थांबविलें. खरोखरच पदराच्या वरून गाल फुगलेले दिसत होते. दोन-चार चित्रें पुढें सरकविलीं तों पदर क्षणभर खालीं आला. दांत दिसत होते. आई हंसूं दाबीत होती. कोण काय बोललें होतें तें कोणासहि आठवेना. भावजी म्हणाले कीं गाडींत बसतांना आपण डोक्यावर आपटलों होतों खरे, पण त्याचें कोणी पाहिलें असेल असें त्यांस कधीं वाटलें नव्हतें.

तें अर्धें मिनिट त्या संध्याकाळीं सात वेळां लागलें. आठव्या वेळीं भाचीनें रिमोट माझ्या हातांतून घेतला, ‘सेटअप’ उघडलें, आणि प्रत्येक नांवापुढें कोणता अंक आहे तें आपल्या वहींत उतरवून घेतलें.